रात्रीच्या बॅचचा वेळ आणि लायब्ररीची डिरेक्टरी

मेनफ्रेमवरची, म्हणजे मोठ्या संस्थेच्या मध्यवर्ती संगणकावरची, एखादी बॅच (आपोआप चालणाऱ्या जॉबांची मालिका) मंदावली की पहिला संशय डेटाबेसच्या क्वेरीवर जातो, दुसरा डेटाच्या वाढलेल्या आकारावर आणि तिसरा डिस्कवर. प्रोग्रॅम ज्या लायब्ररीतून उचलला जातो, त्या लायब्ररीच्या डिरेक्टरीकडे, म्हणजे तिच्यातील नावांच्या सूचीकडे, बोट दाखवणारा माणूस क्वचितच भेटतो. आमच्या रात्रीच्या हिशेबाच्या बॅचचेही तसेच झाले. एका मोठ्या जॉबला लागणारा वेळ महिन्यागणिक वाढत होता, सीपीयूचा वापर मात्र जवळजवळ तेवढाच होता आणि इनपुट फाइलमधील रेकॉर्डची संख्याही फारशी बदललेली नव्हती. डेटाबेस सांभाळणाऱ्या मंडळींनी आपल्या बाजूचे आकडे काढून दाखवले आणि त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. सीपीयू वाढलेला नाही आणि डेटाबेस थांबवून ठेवत नाही, म्हणजे वेळ कशाची तरी वाट पाहण्यात जात होता. कशाची, ते शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

सुरुवात जॉबलॉगपासून केली. आमच्या यंत्रणेत प्रत्येक स्टेप, म्हणजे जॉबचा एकेक टप्पा, संपल्यावर डीडीनिहाय (डीडी म्हणजे जॉबने मागितलेल्या फाइलची किंवा लायब्रऱ्यांची नोंद) एक्सीपीची, म्हणजे त्या डीडीवर झालेल्या इनपुट-आउटपुटची, संख्या छापली जाते. हा तक्ता रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जातो आणि रिटर्न कोड शून्य असला, म्हणजे काम बिनचूक संपले, की कोणी तो वाचत नाही. मी वाचला, तेव्हा असे दिसले की लाखो रेकॉर्ड असलेल्या मुख्य इनपुट फाइलपेक्षा स्टेपलिबची (स्टेपचे प्रोग्रॅम जिथून उचलले जातात त्या लायब्रऱ्यांची) एक्सीपी संख्या कितीतरी जास्त आहे. मुख्य फाइलचे ब्लॉक अर्ध्या ट्रॅकचे (ट्रॅक म्हणजे डिस्कवरचे एक वर्तुळ), म्हणजे मोठे, असल्याने तिची संख्या कमी असणे साहजिक होते; पण स्टेपलिबमधून प्रोग्रॅम एकदा स्मृतीत आला की तिचे काम तिथेच संपायला हवे. एसएमएफच्या, म्हणजे यंत्रणा स्वतः ठेवते त्या वापराच्या नोंदींच्या, ४२ क्रमांकाच्या रेकॉर्डमध्ये, त्याच्या सहाव्या उपप्रकारात, डेटासेटनिहाय (डेटासेट म्हणजे मेनफ्रेमवरची फाइल किंवा लायब्ररी) प्रतिसादाचा वेळ मिळतो. तो काढल्यावर स्टेपलिबमधील पहिल्या काही लायब्रऱ्याच सर्वांत वर आल्या. विशेष म्हणजे त्या लायब्रऱ्यांमधून हा जॉब मुख्य प्रोग्रॅम सोडला तर जवळजवळ काहीच उचलत नव्हता.

हे का होते ते कळण्यासाठी पीडीएसची, म्हणजे मेंबर या स्वतंत्र नावांच्या घटकांनी बनलेल्या अशा लायब्ररीची, रचना नीट समजून घ्यावी लागते. ही रचना १९६४ साली जाहीर झालेल्या ओएस/३६० या कार्यप्रणालीपासून आजतागायत फारशी बदललेली नाही. पीडीएसच्या पहिल्या एक्स्टेंटच्या, म्हणजे डिस्कवरील सलग जागेच्या तुकड्याच्या, आरंभीच डिरेक्टरी असते आणि ती २५६ बाइटच्या ब्लॉकांची बनलेली असते. प्रत्येक ब्लॉकला आठ बाइटची किल्ली असते आणि त्या किल्लीत त्या ब्लॉकमधील शेवटच्या मेंबरचे नाव असते. शब्दकोशाच्या पानाच्या माथ्यावर त्या पानावरचा शेवटचा शब्द छापलेला असतो, तशीच ही सोय आहे: पान उघडून वाचण्याआधीच आपला शब्द इथे असू शकतो की पुढे जायचे, ते कळते. ब्लॉकचे पहिले दोन बाइट किती जागा भरली आहे ते सांगण्यासाठी जातात आणि उरलेल्या २५४ बाइटांत नोंदी मांडलेल्या असतात. एका नोंदीत आठ बाइटचे नाव, मेंबर कुठे आहे ते सांगणारा तीन बाइटचा पत्ता, एक बाइट खुणांचा आणि त्यापुढे शून्य ते ६२ बाइटांपर्यंत वापरकर्त्याची माहिती असते.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण डिरेक्टरीचा आकार तीच ठरवते. आयएसपीएफच्या, म्हणजे प्रोग्रॅमरच्या रोजच्या साधनाच्या, एडिटरने मेंबर जतन केला की त्याची आकडेवारी, म्हणजे कोणी बदलला, कधी बदलला, किती ओळी आहेत, ही सारी माहिती ३० बाइटांत नोंदीला जोडली जाते. मग नोंद १२ ऐवजी ४२ बाइटांची होते आणि एका ब्लॉकमध्ये २१ ऐवजी सहाच नोंदी मावतात. ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर डिरेक्टरीचे ४५ ब्लॉक बसतात. म्हणजे आकडेवारीसह बारा हजार मेंबर असलेल्या लायब्ररीला किमान २,००० ब्लॉक लागतात आणि नुसती डिरेक्टरीच जवळपास ४५ ट्रॅक, म्हणजे तीन सिलिंडर (ट्रॅकांचे गट) व्यापते. लोड लायब्ररीत, म्हणजे चालवायला तयार प्रोग्रॅमांच्या लायब्ररीत, आयएसपीएफची आकडेवारी नसते. पण लोड मॉड्यूलचा आकार, प्रवेशबिंदू, गुणधर्म हे सारे लिंकेज एडिटर (प्रोग्रॅम चालवण्याजोगा जोडून देणारे साधन) नोंदीतच ठेवतो, त्यामुळे तिथेही नोंदी आखूड नसतात.

आता शोध कसा होतो ते पाहू. नोंदी नावांच्या क्रमाने लावलेल्या असल्या, तरी शोध मधूनच सुरू होत नाही. तो पहिल्या ब्लॉकपासून सुरू होतो आणि ज्या ब्लॉकची किल्ली आपल्या नावाइतकी किंवा नावापेक्षा मोठी आहे, तिथे थांबतो. हे काम पूर्वी चॅनलला (संगणक आणि डिस्क यांना जोडणाऱ्या वाटेला) दिलेल्या आज्ञेवर डिस्कचे कंट्रोल युनिटच करत असे आणि तोवर चॅनल, कंट्रोल युनिट आणि डिस्क तिन्ही अडकून राहत. त्या काळातल्या ३३३० डिस्कचा हिशेब मी एकदा सहज मांडून पाहिला होता: मिनिटाला ३,६०० फेरे म्हणजे सेकंदाला ६०, सिलिंडरला १९ ट्रॅक आणि दर ट्रॅकला एक पूर्ण फेरा. म्हणजे एका सिलिंडरभर पसरलेली डिरेक्टरी पूर्ण धुंडाळायला सेकंदाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग लागत असे आणि तेवढ्या वेळात त्या चॅनलवरील दुसऱ्या कोणाचेही काम पुढे सरकत नसे. आज फिरणारी तबकडी राहिलेली नाही. ३३९० ही आता साठवण यंत्रणेने कॅशेच्या आधारे उभी केलेली प्रतिमा आहे. फेऱ्याची वाट गेली, पण शोधाचा क्रम तोच राहिला, आणि एकेक शोध स्वस्त झाल्यामुळे शोधांच्या संख्येकडे लोकांचे लक्ष जाईनासे झाले.

या क्रमाचा एक परिणाम मला आधी पुस्तकी वाटत असे, तो या जॉबमध्ये प्रत्यक्ष दिसला. ईबीसीडीआयसी या मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतात डॉलर, हॅश आणि ॲट ही चिन्हे अक्षरांच्या आधी येतात आणि अंक सर्व अक्षरांनंतर. पण मेंबरच्या नावाचे पहिले अक्षर अंक असू शकत नाही. त्यामुळे झेडने सुरू होणारी नावे डिरेक्टरीच्या अगदी टोकाला असतात. आमच्याकडे सगळ्या विभागांना लागणाऱ्या सामायिक उपप्रोग्रॅमांना, म्हणजे तारीख तपासणे, रक्कम पूर्णांकात आणणे अशा कामांच्या प्रोग्रॅमांना, झेड हा उपसर्ग फार पूर्वी दिलेला होता, बहुधा यादीत ते सगळ्यांच्या खाली एकत्र दिसावेत म्हणून. सर्वांत जास्त वेळा बोलावले जाणारे प्रोग्रॅम नेमके सर्वांत लांब होते. त्यातही ज्या लायब्ररीत ते नाहीतच, तिथे शोध शेवटच्या भरलेल्या ब्लॉकपर्यंत जातो, ज्याच्या किल्लीत सगळे बाइट एफएफ, म्हणजे सर्वांत मोठे मूल्य, असतात, आणि मग ‘सापडले नाही’ हे उत्तर घेऊन पुढच्या लायब्ररीकडे वळतो.

आणि पुढच्या लायब्रऱ्या बऱ्याच होत्या. स्टेपलिबमध्ये एकापाठोपाठ एक लायब्रऱ्या जोडल्या की त्यांच्या डिरेक्टऱ्या त्याच क्रमाने तपासल्या जातात. सामायिक उपप्रोग्रॅमांची लायब्ररी साखळीच्या शेवटी होती. तिच्या आधी तातडीच्या दुरुस्त्यांची, मग त्या विभागाची, मग शेजारच्या विभागाची, शिवाय एका जुन्या प्रकल्पाची अशा लायब्रऱ्या होत्या. जुना प्रकल्प केव्हाच संपला होता. त्याची लायब्ररी जेसीएलमध्ये, म्हणजे जॉब चालवण्याच्या आज्ञांमध्ये, राहून गेली होती, कारण काढल्यावर काय मोडेल याची खात्री कोणालाच नव्हती. त्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. प्रोग्रॅम शोधताना यंत्रणा आधी जॉबच्या स्वतःच्या स्मृतीत पाहते, नंतर स्टेपलिबमध्ये, मग एलपीएमध्ये (सगळ्यांसाठी स्मृतीत ठेवलेल्या मॉड्यूलांत) आणि सर्वांत शेवटी लिंकलिस्टमध्ये (यंत्रणेच्या सामायिक लायब्रऱ्यांच्या यादीत). त्यामुळे लिंकलिस्टमधील यंत्रणेचे मॉड्यूल हवे असले, तरी आधी स्टेपलिबची पूर्ण साखळी पालथी घातली जाते आणि प्रत्येक डिरेक्टरीतून नकार आल्यावरच शोध पुढे सरकतो. सापडण्यापेक्षा न सापडण्याची किंमत जास्त असते, हे या कामात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

तरीही एक प्रश्न उरतोच: मॉड्यूल एकदा आले की ते जॉबच्या स्मृतीत राहते, मग शोध पुन:पुन्हा का होत होता? उत्तर कोबोलच्या प्रोग्रॅममध्ये मिळाले. मुख्य प्रोग्रॅम दर रेकॉर्डमागे तारखेच्या उपप्रोग्रॅमला डायनॅमिक कॉल (चालता चालता लायब्ररीतून उचलून आणणारा) करत होता आणि लगेच कॅन्सल करत होता. कॅन्सल केल्यावर मॉड्यूल स्मृतीतून निघून जाते आणि पुढच्या रेकॉर्डला साखळीची सुरुवातीपासून झडती होते. लिहिणाऱ्याचा हेतू वावगा नव्हता: कॅन्सलनंतरच्या कॉलला वर्किंग स्टोरेज, म्हणजे प्रोग्रॅमच्या चलांची जागा, कोरे करकरीत मिळते. पूर्वी एका फाइलमागे एकदाच कॉल होत असेल, तेव्हा हे कोणाला जाणवलेही नसेल. नंतर तपासणी रेकॉर्डनिहाय झाली आणि महिन्यागणिक तपासायच्या तारखांचे प्रकार वाढत गेले, तसा जॉबचा वेळही वाढत गेला.

कॅन्सल काढून टाकणे हा सरळ उपाय होता, पण तो डोळे मिटून करण्याजोगा नव्हता. आधीच्या कॉलची उरलेली मूल्ये वर्किंग स्टोरेजमध्ये तशीच राहतात, म्हणून उपप्रोग्रॅम स्वतःच्या चलांना दर वेळी आरंभिक मूल्ये देतो की नाही ते ओळ न ओळ वाचून पाहावे लागले. जिथे देत नव्हता तिथे ती भर घातली आणि मगच कॅन्सल काढले. साखळीतील मृत प्रकल्पाची लायब्ररी वगळली. त्याआधी तिच्यातील एकेक नाव इतर लायब्रऱ्यांशी ताडून पाहिले. सामायिक लायब्ररी मात्र वर आणली नाही. तसे केले असते तर शोध लवकर संपला असता. पण विभागाने मुद्दाम बदललेल्या त्याच नावाच्या प्रोग्रॅमऐवजी सामायिक प्रत उचलली गेली असती. साखळीचा क्रम हा वेगाचा प्रश्न असण्याआधी अर्थाचा प्रश्न असतो, आणि कामगिरीच्या नावाखाली तो बदलणाऱ्यांकडे मी जरा संशयाने पाहतो.

एवढ्याने या जॉबचा वेळ पुष्कळ उतरला. पण त्याच लायब्रऱ्या वापरणारे इतर जॉब होतेच, आणि ते सगळे प्रोग्रॅम उघडून तपासणे शक्य नव्हते. तिथे एलएलए, म्हणजे लायब्ररी लुकअसाइड, कामी आली. एमव्हीएस/ईएसए या कार्यप्रणालीबरोबर आलेली ही सोय नेमलेल्या लायब्रऱ्यांच्या डिरेक्टऱ्यांची प्रत स्वतःच्या ॲड्रेस स्पेसमध्ये (स्मृतीच्या हिश्श्यात) ठेवते आणि वारंवार लागणारी मॉड्यूल व्हीएलएफमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या स्मृतीतील साठ्यात, साठवते. लिंकलिस्टच्या लायब्रऱ्या तिच्याकडे असतातच. इतर लायब्रऱ्या पार्मलिबमधील (यंत्रणेच्या मांडणीच्या लायब्ररीतील) मेंबरमध्ये लिहून जोडता येतात. मात्र नुसते नाव लिहून भागत नाही, हे आमच्या इथे अनेकांना नवे होते. फ्रीझ हा पर्याय दिला तरच शोध स्मृतीतील प्रतीत होतो. तो दिला नाही तर मॉड्यूल व्हीएलएफमधून मिळू शकते, पण डिरेक्टरी डिस्कवरच तपासली जाते. आमचा खर्च डिरेक्टरीचाच होता, म्हणून फ्रीझ आवश्यक होते.

फ्रीझची किंमत कार्यपद्धतीत चुकवावी लागते. लायब्ररीत नवे मॉड्यूल टाकले, तरी एलएलएच्या प्रतीत जुनाच पत्ता राहतो. त्यामुळे रिफ्रेश किंवा अपडेटची आज्ञा दिली जाईपर्यंत जॉब जुनेच मॉड्यूल चालवतात. प्रोग्रॅम बदलून टाकला आणि तरी जुने उत्तर येते, या तक्रारीने सुरुवातीचा काळ गाजला. शेवटी प्रॉडक्शनमध्ये मॉड्यूल हलवणाऱ्या प्रक्रियेतच निवडक अपडेटची आज्ञा घातली, तेव्हा ती तक्रार थांबली. पूर्ण रिफ्रेश मी टाळतो, कारण एका मेंबरसाठी सगळ्या लायब्रऱ्यांच्या डिरेक्टऱ्या पुन्हा वाचायला लावण्यात अर्थ नसतो.

दुसरी जोखीम कॉम्प्रेसची. पीडीएसमधील मेंबर बदलला की नवी प्रत शेवटी लिहिली जाते आणि जुन्याची जागा तशीच मृत पडते. ती परत मिळवायची तर आयईबीकॉपी या साधनाने कॉम्प्रेस करावे लागते आणि त्यात मेंबर जागेवरून सरकतात. एलएलएच्या प्रतीत मात्र जुने पत्ते असतात. अशा वेळी मॉड्यूल मागितले की त्या पत्त्यावर दुसरेच काहीतरी असते आणि एस१०६ सारखा अबेंड मिळतो, म्हणजे जॉब मधेच तुटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीतरी भलतेच चालते. म्हणून कॉम्प्रेसच्या आधी ती लायब्ररी एलएलएतून काढायची आणि नंतर परत जोडायची, असा क्रम आम्ही जॉबमध्येच बांधून टाकला. एलएलए त्या लायब्ररीवर सामायिक एनक्यू (वापराचे कुलूप) धरून ठेवते, त्यामुळे डिस्प ओल्ड, म्हणजे एकट्याचा ताबा, मागणारा जॉब अडतो. ते मला अडचणीपेक्षा संरक्षणच वाटते.

या निमित्ताने सोर्सच्या लायब्ररीकडेही लक्ष गेले, कारण तिथे वेगळेच दुखणे होते. नवा मेंबर जतन करताना अधूनमधून बी१४-०सी येत असे, म्हणजे डिरेक्टरीचे ब्लॉक संपलेले. डेटासेट बनवताना स्पेस पॅरामीटरच्या तिसऱ्या आकड्याने जेवढे ब्लॉक दिले तेवढेच. डेटासाठी एक्स्टेंट वाढतात, डिरेक्टरी वाढत नाही. मग मोठी लायब्ररी बनवून सगळे मेंबर तिच्यात हलवायचे आणि नावे बदलायची. ब्लॉक जास्त दिले तर शोध हळू होईल, या समजुतीने ते हात आखडून दिले जात असत. ती समजूत खरी नाही: शोध एफएफ किल्लीच्या ब्लॉकपाशी थांबतो, त्यापुढचे रिकामे ब्लॉक कोणी पाहत नाही. वाया गेलीच तर थोडी डिस्क जाते. खरा खर्च लिहिताना होतो, कारण क्रम राखण्यासाठी मधे नवे नाव घुसवले की त्याच्या पुढचे ब्लॉक पुन्हा लिहावे लागतात. ए अक्षराने सुरू होणारा नवा मेंबर टाकणे हे झेडचा मेंबर टाकण्यापेक्षा महाग असते, शोधाच्या अगदी उलट.

इथे पीडीएसईकडे, म्हणजे पीडीएसच्या सुधारित रूपाकडे, जाणे योग्य होते. तिची डिरेक्टरी वृक्षाच्या रूपातील सूची असते, गरजेनुसार वाढते, आणि नाव ए पासून असो वा झेड पासून, शोधाला काही मोजकीच पाने लागतात. पुसलेल्या मेंबरची जागा परत वापरली जाते, त्यामुळे कॉम्प्रेस नको. दोघे जण एकाच वेळी वेगवेगळे मेंबर बदलू शकतात. लोड लायब्रऱ्यांबाबत तर पुढे निवड उरतच नाही, कारण २०१३ मध्ये आलेल्या एंटरप्राइझ कोबोल ५ पासून तयार होणारे प्रोग्रॅम पीडीएसईतच ठेवावे लागतात.

तरी सरसकट सगळे पीडीएसई करावे, हा उत्साह मला पटत नाही. पीडीएसईत जागा ४,०९६ बाइटच्या पानांनी दिली जाते. ३३९०च्या ट्रॅकवर अशी बाराच पाने बसतात, आणि दोन-चार ओळींच्या कंट्रोल कार्डलाही निदान एक पान जाते. अशा छोट्या मेंबरांच्या लायब्ररीने आमच्या चाचणीत पुष्कळ जास्त जागा घेतली. शिवाय शेवटच्या वापरकर्त्याने डेटासेट बंद केला की तिची स्मृतीतील पाने सहसा सोडून दिली जातात, त्यामुळे उघडणे, एक मेंबर वाचणे, बंद करणे असे हजारो वेळा करणारे जॉब अपेक्षेइतके वेगवान होत नाहीत. बंद झाल्यावरही पाने राखून ठेवणारा पर्याय एसएमएसच्या (साठवण व्यवस्थापनाच्या) पार्मलिब मेंबरमध्ये आहे. तो आम्ही स्मृतीचा अंदाज घेऊनच चालू केला.

डिरेक्टरीच्या अलीकडचे दोन टप्पे, कॅटलॉग आणि व्हीटॉक, आम्ही पाहून सोडून दिले. कॅटलॉगमधून व्हॉल्यूम (डिस्क) कळते, व्हीटॉकमधून डेटासेटची जागा, आणि मग डिरेक्टरीची पाळी येते. पहिले दोन्ही शोध डेटासेट उघडताना होतात. कॅटलॉगच्या नोंदी कॅशेत होत्या आणि सगळ्या व्हॉल्यूमवर व्हीटॉकची सूची होती. सूची नसलेल्या व्हीटॉकमध्ये १४० बाइटचे डीएससीबी, म्हणजे डेटासेटच्या नोंदी, क्रमाने तपासावे लागतात आणि ३३९०च्या एका ट्रॅकवर ते ५० असतात. हजारो लहान डेटासेट असलेल्या व्हॉल्यूमवर ते नक्कीच जाणवले असते.

एक लायब्ररी मुद्दाम पीडीएसच ठेवली आहे. ती सिस्प्लेक्सबाहेरील (एकत्र जोडलेल्या यंत्रणांच्या समूहाबाहेरील) एका यंत्रणेलाही वाचावी लागते आणि पीडीएसई तशी वाटून घेता येत नाही. तिच्या डिरेक्टरीला गरजेच्या दुप्पट ब्लॉक दिले आहेत, तिचे कॉम्प्रेस एलएलएतून काढल्यानंतरच चालते, आणि तिच्यातील नव्या मॉड्यूलांना झेडचा उपसर्ग देणे बंद केले आहे.